मॅक्स फॉन सीडोव्ह पाहायचे कसे? नवख्यांसाठी क्रमवार वाट

वसतिगृहात असताना एका मित्राच्या संगणकासमोर आठ-दहा जणांनी दाटीवाटीने बसून आम्ही 'द एक्झॉर्सिस्ट' पाहिला. त्यातला छातीत कळ आली की थरथरत्या हातांनी गोळी तोंडात टाकणारा वृद्ध पाद्री मेरिन माझ्या चांगलाच लक्षात राहिला, आणि तो नट सत्तरीच्या पुढचा असणार, याबद्दल मला जराही शंका नव्हती. पुढे दोन-तीन वर्षांनी पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीच्या खेळाला 'द सेव्हन्थ सील' पाहिला, तर श्रेयनामावलीत तेच नाव. हिशोब काही केल्या जुळेना. पहिला चित्रपट १९७३ चा, दुसरा १९५७ चा. सोळा वर्षांत हा उमदा सरदार असा जख्ख म्हातारा कसा झाला? 'हे बाप-लेक असतील, नाव तेच ठेवलं असेल,' असे मी शेजारच्याला ठामपणे सांगूनही टाकले. ते चूक होते, हे उघडच आहे.

मॅक्स फॉन सीडोव्ह या स्वीडिश नटाची ओळख करून घेऊ पाहणाऱ्या बहुतेकांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. सत्तर वर्षांची कारकीर्द, शंभराहून अधिक चित्रपट, अर्धा डझन भाषा आणि त्याखेरीज रंगभूमीवरचे काम, जे आता कुठेच पाहता येत नाही. प्रसिद्धीच्या क्रमाने पाहायला गेलात, तर खलनायक, पाद्री आणि म्हातारे यांच्या गर्दीत नट हरवतो. मी तसाच गेलो आणि बराच काळ वाया घालवला. तो तुमचा वाचावा म्हणून ही वाट जरा सविस्तर मांडतो आहे. आठवड्याला एक चित्रपट धरलात, तर साधारण चार महिने लागतील.

सोबत काय हवे

* आडव्या रेघांची एक वही. तिचा उपयोग दुसऱ्या पायरीत सांगितला आहे.
* मूळ ध्वनिपट्टी असलेल्या प्रती आणि इंग्रजी उपशीर्षके. डब केलेली प्रत फुकट मिळाली तरी घेऊ नका.
* चांगले हेडफोन. या नटाचे निम्मे काम खर्जातल्या आवाजात आहे आणि लॅपटॉपच्या स्पीकरमधून ते ऐकू येत नाही.
* प्रत्येक चित्रपटाचे मूळ स्वीडिश नाव. इंग्रजी नावे देशागणिक बदलतात.
* स्वीडिश फिल्म इन्स्टिट्यूटची चित्रपटसूची आणि इंगमार बर्गमन प्रतिष्ठानचे संकेतस्थळ. दोन्ही सर्वांना खुली आहेत.
* नॉर्वेचे नाटककार इब्सेन आणि स्वीडनचे स्ट्रिंडबर्ग यांची दोन-चार नाटके, वाचता येतील त्या भाषेत.

पायरी १ : नावांचा गुंता आधी सोडवा

आपल्याकडे हे नाव 'मॅक्स व्हॉन सिडो' असे इंग्रजी वळणाने लिहिले जाते. स्वीडिश उच्चार 'फॉन सीडोव्ह' याच्या जवळ जातो. दोन्ही रूपे चालतील. मात्र शोध घेताना रोमन लिपीतलेच नाव वापरा, कारण देवनागरीत त्याची पाच-सहा रूपे आढळतात. जन्मनाव कार्ल आडोल्फ. 'मॅक्स' हे लष्करातल्या दोन वर्षांच्या सक्तीच्या सेवेत स्वतः घेतलेले नाव आणि तेही पिसवांच्या सर्कशीतल्या मॅक्स नावाच्या पिसवेवरून. सहा फुटांहून बराच उंच असलेल्या माणसाने पिसवेचे नाव लावावे, यावरून त्यांच्या विनोदबुद्धीची कल्पना येते. पडद्यावरच्या गंभीर चेहऱ्यामुळे तिचा पत्ता सहसा लागत नाही.

दुसरा सापळा बर्गमन नावाचा आहे. दिग्दर्शक इंगमार बर्गमन वेगळे, अभिनेत्री इंग्रिड बर्गमन वेगळ्या (त्या दोघांत नाते नाही) आणि नाटककार यालमार बर्गमन आणखी वेगळे. या तिसऱ्या बर्गमनांची नाटके पहिल्या बर्गमनांनी रंगभूमीवर आणली, त्यामुळे 'बर्गमनचे नाटक' असे वाचलेत की लेखक म्हणायचे आहे की दिग्दर्शक, हे तपासून घ्या. तसेच आल्फ शोबेरी आणि व्हिक्टर शोस्त्रम हे दोन वेगवेगळे दिग्दर्शक आहेत. पहिल्यांनी फॉन सीडोव्ह यांना पडद्यावर आणले. दुसरे मूकपटांच्या काळातले दिग्गज आणि 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'मधले वृद्ध प्राध्यापकही तेच.

पायरी २ : १९२९ ची वजाबाकी

वहीत चार रकाने आखा : चित्रपट, चित्रीकरणाचे वर्ष, नटाचे वय, बोललेली भाषा. जन्मतारीख १० एप्रिल १९२९. प्रत्येक चित्रपट पाहण्यापूर्वी वजाबाकी करून वय लिहायचे आणि मगच चित्रपट लावायचा. हा पोरकटपणा वाटेल, पण या नटाच्या बाबतीत याहून उपयुक्त साधन मला सापडलेले नाही. 'द सेव्हन्थ सील'मधला सरदार आंतोनियुस ब्लॉक साकारताना ते सत्तावीस वर्षांचे होते. 'द एक्झॉर्सिस्ट'च्या चित्रीकरणाच्या वेळी त्रेचाळीस-चव्वेचाळीस. म्हणजे माझ्या वसतिगृहातला तो सत्तरीचा म्हातारा प्रत्यक्षात ऐन चाळिशीत होता. चेहऱ्याच्या सुरकुत्या डिक स्मिथ या रंगभूषाकाराच्या. पण टॅक्सीतून उतरल्यावर पाय जमिनीवर टेकण्याची पद्धत, जिना चढताना मधेच घेतलेला श्वास आणि खांद्यांचा बाक रंगभूषेतून येत नाही.

इथला धोका असा की, सूचीत दिलेले वर्ष प्रदर्शनाचे असते. 'द सेव्हन्थ सील' प्रदर्शित झाला १९५७ मध्ये, चित्रित झाला १९५६ च्या उन्हाळ्यात. एका वर्षाने फार बिघडत नाही, पण काही ठिकाणी बिघडते. रकान्यात चित्रीकरणाचेच वर्ष लिहिण्याची सवय लावून घ्या.

पायरी ३ : जे पाहता येत नाही, तिथून सुरुवात करा

चित्रपट लावण्याची घाई होईल, तरीही एक आठवडा रंगभूमीला द्या. हा मुळात नाटकवाला नट आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे कळत नाही. आपल्याकडे डॉ. श्रीराम लागूंना फक्त हिंदी चित्रपटांतून ओळखणाऱ्याला लागू जेवढे कळतील, तेवढेच फॉन सीडोव्ह हॉलिवूडमधून कळतात.

जन्म दक्षिण स्वीडनमधल्या लुंद या विद्यापीठाच्या गावातला. वडील तिथल्याच विद्यापीठात लोककथांचे प्राध्यापक, आई शिक्षिका. वीसएक किलोमीटरवर माल्मो. तिथे १९४४ मध्ये उघडलेल्या नव्याकोऱ्या नगर नाट्यगृहात शाळकरी कार्ल आडोल्फने शेक्सपिअरचे 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' पाहिले, आणि परत येऊन मित्रांबरोबर हौशी नाट्यमंडळी काढली. १९४८ ते १९५१ ही वर्षे स्टॉकहोममध्ये, राजेशाही नाट्यगृहाच्या अभिनयशाळेत. हे नाट्यगृह स्वीडिश लोकांच्या तोंडी 'द्रामातेन' आहे. राजा तिसरा गुस्ताव याने १७८८ मध्ये स्थापन केलेली संस्था आणि १९०८ पासूनची आजची वास्तू. शिकत असतानाच शोबेरींच्या 'बारा एन मूर' (१९४९) आणि 'फ्रोकेन यूली' (१९५१) या चित्रपटांत लहान भूमिका मिळाल्या. दुसरा स्ट्रिंडबर्गच्या नाटकावरचा, आणि त्यात हा पोरगेला नट तबेल्यातला नोकर आहे. डोळे उघडे ठेवून पाहिलात तर सापडेल.

पदवीनंतर राजधानीत न थांबता ते इतर शहरांच्या नाट्यगृहांत गेले : आधी नॉरशोपिंग-लिंशोपिंग, मग हेलसिंगबोरी आणि १९५५ मध्ये माल्मो. हा टप्पा कोणी वाचत नाही. खरे तर नट इथे घडला. नगरपालिकेच्या पैशांवर चालणाऱ्या या नाट्यगृहांत नट पगारी असतो, एका हंगामात चार-पाच नाटके करतो, आणि आज नायक असलेला उद्या निरोप्या असतो. माल्मोमध्ये बर्गमन दिग्दर्शक होते. त्यांच्या हाताखाली फॉन सीडोव्ह यांनी 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ', इब्सेनचे 'पेर ग्युंट', मोलिएरचे 'मिझान्थ्रोप' आणि गटेचे 'उरफाउस्ट' केले; उरफाउस्टचा प्रयोग १९५९ मध्ये लंडनलाही झाला.

बर्गमनांचे कामाचे वेळापत्रक इथे ध्यानात घ्या. हिवाळाभर नाटक, आणि नाट्यगृह बंद असलेल्या उन्हाळ्यात त्याच नटसंचाला घेऊन चित्रपट. त्यांच्या चित्रपटांत तेच चेहरे पुन्हा पुन्हा का दिसतात, मोठमोठे नट दोन मिनिटांच्या भूमिकेला का तयार असतात, आणि 'द सेव्हन्थ सील'सारखा चित्रपट पस्तीस दिवसांत कसा संपतो, याची उत्तरे त्या वेळापत्रकात आहेत. ही माणसे सेटवर येण्यापूर्वी सहा-आठ महिने रोज संध्याकाळी एकमेकांसमोर उभी राहिलेली असत.

आता न पाहिलेले नाटक 'पाहायचे' कसे? बर्गमन प्रतिष्ठानच्या संकेतस्थळावर त्यांच्या प्रत्येक नाट्यप्रयोगाची नोंद आहे. तिथली माल्मोची छायाचित्रे काढा, शेजारी नाटकाची संहिता उघडा आणि छायाचित्रात कोण कोणाकडे पाहते आहे, हात कुठे आहेत, शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, एवढेच वहीत टिपा. 'पेर ग्युंट' वाचाच. इतका बडबड्या, थापाड्या आणि धावता नायक ज्याने रंगवला, तोच त्या सुमारास पडद्यावर जवळजवळ न हलता उभा राहतो, ही गोष्ट मला मोठी वाटते. पडद्यावरची स्थिरता हा त्यांचा स्वभाव नव्हता, ती केलेली निवड होती.

पायरी ४ : बर्गमनांचे चित्रपट, पण या क्रमाने

दोघांचे अकरा चित्रपट आहेत. सगळे एका दमात पाहू नका. मी पाहिले आणि पाचव्यानंतर सगळ्यांची सरमिसळ झाली. सुरुवातीला पुढचे पाच पुरेत.

पहिला अर्थातच 'द सेव्हन्थ सील'. जेमतेम दीड तासाचा. धर्मयुद्धावरून परतलेला सरदार, प्लेगने पोखरलेला देश आणि समुद्रकिनाऱ्यावर मृत्यूशी मांडलेला बुद्धिबळाचा डाव, हे इतक्या वेळा विडंबिले गेले आहे की मूळ पाहताना हसू येण्याची भीती असते. त्यावर उपाय म्हणजे मृत्यूकडे न पाहता सरदाराकडे पाहायचे. मृत्यू झालेले बेंगत एकेरूत हेही नाटकवालेच; युजीन ओनीलच्या 'लाँग डेज जर्नी इंटू नाइट'चा जगातला पहिला प्रयोग द्रामातेनमध्ये १९५६ साली त्यांनीच बसवला होता.

दुसरा 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' (१९५७). यात ते पेट्रोल पंपावरचा माणूस आहेत आणि दोन-तीन मिनिटेच दिसतात. तो मुद्दाम याच जागी ठेवला आहे : ज्याने नुकताच मृत्यूला डावावर बसवले, तो इथे वृद्ध डॉक्टरचे पैसे घ्यायला नकार देणारा हसतमुख गावकरी झाला आहे.

तिसरा 'आन्सिक्तेत' (१९५८). शब्दशः अर्थ 'चेहरा'. हा चित्रपट अमेरिकेत 'द मॅजिशियन' आणि ब्रिटनमध्ये 'द फेस' या नावाने गेला. दोन वेगळे चित्रपट समजून मी दोन्ही मागवले होते, तसे करू नका. फिरत्या जादूगार मंडळीचा म्होरक्या फोग्लर मुका असल्याचे सोंग करतो आणि चित्रपटाचा मोठा भाग नटाला फक्त डोळ्यांवर काढावा लागतो. ही नोंद वहीत ठळक करा, शेवटच्या पायरीत लागेल.

चौथा 'द व्हर्जिन स्प्रिंग' (१९६०). इथे मात्र थांबा. तेराव्या शतकातल्या एका लोकगीतावर आधारलेली ही गोष्ट आहे. चर्चला मेणबत्त्या घेऊन निघालेल्या कोवळ्या मुलीवर रानात गुराखी बलात्कार करून तिला मारतात, आणि त्याच रात्री अजाणता तिच्याच बापाच्या घरी आसरा मागतात. बाप, म्हणजे तोरे, हे फॉन सीडोव्ह. सत्य कळल्यावर तो ओरडत नाही. पहाटेच्या उजेडात तो माळावर जातो. तिथे एकच कोवळे बर्चचे झाड उभे आहे. कॅमेरा दूर आहे, चेहरा दिसतही नाही. तो माणूस झाडाला कवेत घेतो, हलवतो, पुन्हा हलवतो, अंगाचा सगळा भार टाकून ते वाकवतो आणि झाडासकट जमिनीवर कोसळतो. मग उठून त्याच्या फांद्या तोडतो, कारण सूडापूर्वीच्या वाफेच्या स्नानात त्या अंगावर मारून घ्यायच्या आहेत. एक शब्द नाही. मी हा प्रसंग किती वेळा पाहिला, याची मोजदाद नाही. पहिल्यांदा तो राग वाटला, नंतर कधीतरी लक्षात आले की ही मिठी आहे. घरात ज्याला मिठी मारायला मुलगी उरली नाही, तो बाप झाडाला कवटाळतो आणि त्याच मिठीत झाड उन्मळते. ही समजूत माझी, तुमची वेगळी होऊ शकेल. पण आवाज बंद करून हा प्रसंग एकदा पाहा आणि पाठीच्या स्नायूंवर लक्ष ठेवा. मोठ्या रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पाठीनेही बोलावे लागते, हे माल्मोत शिकलेला नटच असे करू जाणे.

पाचवा 'शेम' (१९६८). युद्धात सापडलेले वादक जोडपे : फॉन सीडोव्ह आणि नॉर्वेच्या लिव उलमान. सुरुवातीला कोंबडीसुद्धा मारू न शकणारा यान शेवटी माणूस मारतो. वीर सरदार आणि तोरे पाहून तयार झालेली तुमची प्रतिमा हा भेकड, कुरकुरा, रडका नवरा मोडून टाकेल, आणि ते आवश्यक आहे.

उरलेले सहा कधीही पाहा. फक्त 'विंटर लाइट' (१९६३) उदास मनःस्थितीत पाहू नका. त्यात ते चीनच्या अणुबॉम्बच्या धास्तीने खचलेले कोळी आहेत, आणि सावरण्यासाठी ज्या पाद्र्याकडे जातात, तोच आपली अश्रद्धा त्यांच्यापुढे ओकतो.

पायरी ५ : भाषेकडे कान द्या

फॉन सीडोव्ह म्हणजे बर्गमन, हे समीकरण मोडण्यासाठी यान त्रोएल या स्वीडिश दिग्दर्शकाकडे वळा. 'उतवांद्रार्ना' (१९७१) आणि 'न्यूबिग्गार्ना' (१९७२) हे विल्हेल्म मूबेरी यांच्या कादंबऱ्यांवरचे जोड चित्रपट, दोन्ही मिळून सहा तासांहून अधिक. एकोणिसाव्या शतकात स्मोलांदच्या खडकाळ जमिनीतून पिकाऐवजी दगडच निघतात म्हणून बायको-पोरांना घेऊन मिनेसोटाला निघालेला शेतकरी कार्ल ऑस्कर ही त्यांची भूमिका. अमेरिकेत हे चित्रपट कापून दाखवले गेले होते, आणि तशा प्रती अजूनही फिरतात. त्यामुळे लांबी आधी पाहा. एकेक चित्रपट तीन तासांहून कमी भरला, तर ती प्रत ठेवून द्या. ऑस्करच्या नोंदींतही घोळ होतो : 'उतवांद्रार्ना'ला एका वर्षी परभाषिक चित्रपटाचे नामांकन मिळाले आणि पुढच्या वर्षी थेट सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे. ही छपाईची चूक नाही, तेव्हाच्या नियमांत असे होऊ शकत होते.

या टप्प्यावर चौथ्या रकान्याला, म्हणजे भाषेला, महत्त्व येते. त्रोएल यांच्याच 'हामसुन'मध्ये (१९९६) हे नॉर्वेचे लेखक क्नूत हामसुन आहेत आणि स्वीडिश बोलतात, त्यांची पत्नी झालेल्या गिता नोर्बी डॅनिश बोलतात आणि आजूबाजूचे नॉर्वेजियन. एका कुटुंबात तीन भाषा, आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. कोल्हापूरचा सासरा, मालवणची सून आणि नागपूरचा जावई आपापल्या बोलीत भांडत आहेत, अशी कल्पना केलीत तर मजा थोडीफार कळेल. डब केलेल्या प्रतीत हे सगळे सपाट होते.

पायरी ६ : इंग्रजी चित्रपटांतून निवड

ही सर्वांत निसरडी पायरी आहे, कारण इथे संख्या मोठी आणि दर्जा वर-खाली. सरळ सांगतो : सगळे पाहण्याच्या भरीस पडू नका.

अमेरिकेतला पहिला चित्रपट 'द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड' (१९६५), त्यात येशू. मी तो अर्धा पाहून सोडला होता, पण नंतर पुरा केला. चित्रपट जड आहे, मात्र परक्या भाषेत, सगळ्या जगाला ठाऊक असलेली वाक्ये म्हणताना नट किती सावध असतो, हे पाहायला तो उपयोगी पडतो. पुढच्याच वर्षीच्या 'हवाई'मध्ये तेच धर्मप्रचारक म्हणून किती ताठर आणि तिरस्करणीय होऊ शकतात, ते लगोलग पाहा. नंतर 'द एक्झॉर्सिस्ट'. उत्तर इराकमधला सुरुवातीचा भाग घाईने पुढे ढकलू नका. भूतबाधेची गोष्ट सुरू होण्याआधीच मेरिनचे थकलेपण तिथे पुरते उभे राहते. 'थ्री डेज ऑफ द कॉन्डर'मधला (१९७५) भाडोत्री मारेकरी जूबेर हा माझ्या मते त्यांचा इंग्रजीतला सर्वांत नेमका खलपुरुष आहे. फावल्या वेळात चिमुकल्या लढाऊ मूर्ती रंगवणारा, सभ्य, ओरखडा न उठवता बोलणारा. याउलट 'फ्लॅश गॉर्डन'चा (१९८०) सम्राट मिंग म्हणजे जत्रेतला रावण, आणि त्यांनी तो तितक्याच आनंदाने केला आहे. 'कॉनन द बार्बेरियन'मध्ये (१९८२) कॉनन राजाकडे जातो तो प्रसंग (राजा म्हणजे फॉन सीडोव्ह), 'ड्यून'मधले (१९८४) डॉ. काइन्स, हे वाटेत दिसले तर पाहा. 'हॅना अँड हर सिस्टर्स'मधला (१९८६) तुसडा चित्रकार मात्र चुकवू नका.

नाकारलेल्या भूमिकांचाही छोटा रकाना ठेवा, त्यात गंमत आहे. पहिल्या बाँडपटातला खलनायक डॉ. नो त्यांना देऊ केला होता, तो त्यांनी घेतला नाही. मग १९८३ मध्ये 'नेव्हर से नेव्हर अगेन'मध्ये पांढरी मांजर कुरवाळत बाँडचा शत्रू ब्लोफेल्ड होऊन आले. 'द साउंड ऑफ म्युझिक'मधला कॅप्टन फॉन त्राप नाकारला, तो क्रिस्टोफर प्लमर यांनी केला. हे दोघेही १९२९ चेच. २०१२ च्या ऑस्कर सोहळ्यात सहायक अभिनेत्याच्या नामांकनात ब्याऐंशी वर्षांचे हे दोघे समोरासमोर आले आणि पुरस्कार प्लमर यांना गेला.

याच काळात रंगभूमी सुटली नव्हती, हे विसरू नका. १९७२ मध्ये द्रामातेनला बर्गमनांच्या दिग्दर्शनात इब्सेनचे 'वाइल्ड डक', १९७७ मध्ये ब्रॉडवेवर पेर ऊलोव एनक्विस्त यांच्या नाटकात खुद्द स्ट्रिंडबर्ग, १९८१ मध्ये ॲन बॅनक्रॉफ्ट यांच्यासमोर 'डुएट फॉर वन', १९८८ मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मधला प्रॉस्पेरो. हे प्रयोग वहीत चित्रपटांच्या मधोमध, त्या-त्या वर्षी लिहा. मिंग आणि ब्लोफेल्ड यांच्यामध्ये 'डुएट फॉर वन' दिसले की 'पैशांसाठी काहीही करत होते' हा सोपा निष्कर्ष काढायला हात धजत नाही.

पायरी ७ : 'पेले'साठी एक पूर्ण संध्याकाळ राखा

इतके सगळे पाहून झाल्याशिवाय 'पेले द कॉन्करर' (१९८७) पाहू नका. बिले आउगुस्त यांचा हा चित्रपट मार्टिन अँडरसन नेक्सो यांच्या कादंबरीवरून केला आहे. त्याला कान महोत्सवात सर्वोच्च पाम दोर आणि नंतर परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, आणि फॉन सीडोव्ह यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे नामांकन. चित्रपट डेन्मार्कचा, पण बाप-लेक स्वीडनहून पोट भरायला बॉर्नहोम बेटावर आलेले.

जहाज बंदराला लागत असताना म्हातारा लासे आपल्या मुलाला तिथल्या सुखाच्या गोष्टी सांगतो : रविवारी मनुका घातलेले डुकराचे भाजलेले मांस, पावावर लोण्याचा जाड थर. पाच मिनिटांनी धक्क्यावर मजूर निवडणारे शेतमालक येतात. बाकीचे एकेक करून निवडले जातात आणि हे दोघे उरतात. बाप फार म्हातारा, पोरगा फार लहान. लासेची नजर तेव्हा पाहा. तो मालकांकडे पाहत नाही, पोराने हे पाहिले का, ते पाहतो. पुढे गोठ्यावरचा शिकाऊ मुकादम पेलेला सर्वांसमोर अपमानित करतो, तेव्हा लासे सूड घेण्याच्या गर्जना करत निघतो आणि समोर गेल्यावर शेपूट घालतो. झाड उन्मळून टाकणारा तोरे ज्याने केला, त्याच नटाने असा बाप केला आहे. दोन्ही प्रसंग एका संध्याकाळी पाठोपाठ लावा.

वजाबाकीचे उत्तर इथे अठ्ठावन्न येते, म्हणजे मेरिनपेक्षा लासे 'लहान' आणि नट मात्र चौदा वर्षांनी मोठा. आणखी एक : लासेची बोली दक्षिण स्वीडनमधल्या स्कोनेची, म्हणजे लुंदच्या मुलखातली. द्रामातेनच्या शाळेत जी घासूनपुसून प्रमाण केली जाते, ती घरची बोली साठीकडे झुकताना त्यांना मोठ्या भूमिकेत सापडली. माझ्या पहिल्या प्रतीत हे कळलेच नाही, कारण विक्रेत्याने डब केलेली तबकडी पाठवली होती आणि वेष्टनावर तसे लिहिलेही नव्हते. म्हणून तबकडी लावल्याबरोबर ध्वनिपट्टीचा पर्याय आधी तपासा.

याच सुमारास त्यांनी 'कातिन्का' (१९८८) हा एकमेव चित्रपट दिग्दर्शित केला. मिळाला तर जरूर पाहा.

पायरी ८ : उतारवयातली कामे

यातले तीन पुरेत. 'द बेस्ट इन्टेन्शन्स' (१९९२) बर्गमनांच्या आई-वडिलांच्या तरुणपणाची गोष्ट सांगतो. संहिता बर्गमनांची, दिग्दर्शन आउगुस्त यांचे आणि फॉन सीडोव्ह बर्गमनांचे आजोबा. 'द डायव्हिंग बेल अँड द बटरफ्लाय' (२००७) फ्रेंचमध्ये आहे. त्यातला मुलाकडून दाढी करून घेणारा म्हातारा बाप आणि नंतर बोलू न शकणाऱ्या त्याच मुलाला त्याने केलेला दूरध्वनी, असे दोनच प्रसंग आहेत. तिसरा 'एक्स्ट्रीमली लाउड अँड इन्क्रेडिबली क्लोज' (२०११). यात ते एक शब्दही बोलत नाहीत. एका तळव्यावर 'हो', दुसऱ्यावर 'नाही' लिहिलेले आणि बाकीचे सगळे चिठ्ठ्यांवर. इथे वही मागे उलटून 'आन्सिक्तेत'ची ठळक केलेली नोंद काढा : मूकपणाचे सोंग करणारा एकोणतीस वर्षांचा फोग्लर आणि मौन पत्करलेला हा ब्याऐंशीचा भाडेकरू. तरुण फोग्लर डोळ्यांनी समोरच्याला धाक घालतो, हा म्हातारा खांदे उडवून पोराला चिडवतो.

'गेम ऑफ थ्रोन्स'चे भाग आणि 'स्टार वॉर्स'मधली छोटी भूमिका पाहायला हरकत नाही. घरातल्या तरुण मंडळींना या नटाची ओळख तिथूनच असते, आणि त्यांना या वाटेवर आणायला तोच धागा बरा.

शेवटी वही पूर्ण करताना एक काळजी घ्या. २००२ पासून ते फ्रेंच नागरिक होते आणि ८ मार्च २०२० रोजी फ्रान्समध्येच, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. सूचीत मात्र २०२१ चा एक ग्रीक चित्रपट सापडतो, महायुद्धातल्या कालाव्रिता हत्याकांडातून वाचलेल्या माणसाचा. तो त्यांच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झाला. प्रदर्शनाचे वर्ष धरलेत तर वजाबाकी ब्याण्णव दाखवेल. ते वय त्यांनी पाहिलेच नाही. तो रकाना कोरा सोडा.